डावी बाजू : ट्रकवरील शिकाऊ माणसाचा इतिहास

गिरणी कामगाराचा इतिहास लिहिला गेला. हमाल-माथाड्यांचा थोडाफार लिहिला गेला. ऊसतोडणी कामगारांवर अभ्यास होऊ लागले. परंतु लांब पल्ल्याच्या ट्रकवर डाव्या बाजूला जो पोरगा बसतो, ज्याला गाडीवाले ‘किन्नर’ म्हणतात आणि सरकारी कागदात जो ‘क्लीनर’ असतो, त्याचा इतिहास लिहावा असे फारसे कोणाला वाटले नाही. किन्नर हा कामगार आहे की विद्यार्थी, हेच मुळी कोणी ठरवलेले नाही. तो राबतो म्हणून कामगार. ज्या आशेवर राबतो ती आशा शिकण्याची, म्हणून विद्यार्थी. मजुरी मागितली तर ‘तू शिकतोयस ना?’ असे उत्तर मिळते. शिकवा म्हटले तर ‘आधी काम कर’ असे मिळते. या दोन उत्तरांच्या मध्ये आपल्या वस्त्यांतील कित्येक पोरांची उमेदीची वर्षे गेली आहेत.

हा प्रश्न मी शिरवळच्या रस्त्यावर उभा राहून पाहणार आहे. शिरवळ माझे गाव म्हणून नव्हे, तर हे गाव रस्त्यानेच घडवले म्हणून. पुण्याहून निघाले की कात्रज ओलांडायचा, नीरा ओलांडायची. सातारा जिल्ह्याच्या हद्दीत शिरताच शिरवळ. पुढे खंडाळा आणि मग खंबाटकीचा घाट. पुणे-मिरज रेल्वे नीरा, लोणंद, वाठार, कोरेगाव, मसूर अशी पूर्वेकडून गेली. शिरवळच्या वाट्याला सडक आली. पुणे-बंगळूर रस्ता हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४, आताचा ४८. गावाजवळच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. भिक्खूंनी लेणी खोदायला जागा निवडली ती वाहत्या वाटांच्या आसपास, हे आपण जाणतोच. म्हणजे या भागातून माणूस आणि माल जाणे हे काही डांबराबरोबर आलेले नाही.

पण रस्त्यावरून जाणे वेगळे आणि रस्त्यावरील वाहन हाती असणे वेगळे. आपल्या समाजव्यवस्थेने ही दोन कामे फार काळजीपूर्वक विभागली होती. गावगाड्यात महाराकडे रस्ता होता. वेशीवरची राखण, आल्यागेल्याला पुढच्या गावापर्यंत वाट दाखवणे, सरकारी टपाल पोहोचवणे, वसुलीच्या रकमेसोबत तालुक्याला जाणे, अंमलदाराचे सामान डोक्यावर घेणे, त्याच्या घोड्यापुढे धावणे, ही सारी वतनातली कामे. शिवेचा तंटा पडला तर महाराचा शब्द प्रमाण. रस्त्याचे ज्ञान त्याच्याइतके गावात कोणालाच नव्हते. मातंग दोर वळत होता; कासरा, नाडा, चऱ्हाट, सारे त्याच्या हातचे. चाबकाचे, जुंपणीचे चामडे ढोर-चांभारांच्या हातून येत होते. दोर एकाचा, कातडे दुसऱ्याचे, वाट तिसऱ्याच्या पायाखालची. आणि गाडीवर बसून कासरा धरणारा मात्र चौथाच. बलुतेदारीचे गोडवे गाणाऱ्यांनी या चौथ्या माणसाविषयी कधी काही लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

कासरा आपल्या हाती आलाच तर कसा येत असे, याचे दोन दाखले बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत ते आहेत. ही टिपणे १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने प्रसिद्ध केली. शाळा-महाविद्यालयांतून आपण ते दाखले पाण्याच्या संदर्भात सांगतो. मला ते गाडीच्या संदर्भात पाहावयाचे आहेत.

पहिला १९०१ सालचा, आपल्याच सातारा जिल्ह्यातला. रामजी सुभेदार खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या बांधकामावर, खजिनदार होते. त्यांच्याकडे जायला भीमराव, त्यांचे थोरले भाऊ आणि मृत बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूरला उतरली. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे चांगले होते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करू लागला. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालेल. पुढे तोच गाडीवान गाडीत येऊन मुलांच्या शेजारी बसला, हेही बाबासाहेब नोंदवतात. रात्रीचे भय विटाळाच्या भयापेक्षा मोठे ठरले असावे! मुक्काम पडला टोलनाक्यावर. नाकेदाराला आपण मुसलमान आहोत असे सांगावे, हा सल्ला गाडीवानाचाच. तसे सांगूनही पाणी मिळाले नाही ते नाहीच.

दुसरा १९२९ सालचा, चाळीसगावचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. लोकांनी तोड काढली ती पुन्हा मसूरचीच : टांगा भाड्याने घ्यायचा, टांगेवाल्याने हाकायचा नाही. आपल्यातलाच एक जण पुढे बसला. त्याने टांगा कधी हाकला नव्हता. नदीवरील फरशीच्या पुलावर चाक दगडांच्या फटीत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत. बॅरिस्टर झालेला अस्पृश्यही साध्या टांगेवाल्याला आपल्याहून खालचा वाटतो, हा निष्कर्ष त्यांनी काढला. तो आपल्याला पाठ आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट तितक्याच स्पष्टपणे नोंदवली आहे, तिच्याकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्याच्या धडपडीत आपल्या लोकांनी पाहुण्याच्या जिवाचा विचार केला नाही, असे ते म्हणतात.

या दोन्ही प्रसंगांत अस्पृश्याच्या हाती लगाम आला. तो अधिकार म्हणून आला नाही, बहिष्कार म्हणून आला. स्पृश्याने हाकायचे नाकारले म्हणून आला. आणि चाळीसगावची फरशी आपल्याला आणखी एक धडा देते. लगाम हाती येणे पुरेसे नाही, तो धरायला शिकलेले असावे लागते. न शिकलेल्या हातात लगाम आला की पाय मोडतो, आणि मोडतो तो आपल्याच माणसाचा. तेव्हा प्रश्न केवळ गाडीवर बसण्याच्या हक्काचा राहत नाही. शिकवणार कोण, हा खरा प्रश्न आहे.

मोटार आली तेव्हा अनेकांना वाटले की यंत्राला जात नाही. गिरणीतही असेच वाटले होते. तिथे धोटा तोंडाने ओढावा लागतो म्हणून साच्यावर अस्पृश्य नको, असे ठरलेच ना? मोटारीच्या धंद्यात असा उघड नियम कोणी केला नाही. नियमाची गरजच नव्हती. १९५४ पासून टाटा-मर्सिडीजच्या गाड्या रस्त्यावर आल्या, अशोक लेलँड आली, त्याआधीच्या बेडफर्ड, फार्गो, डॉज होत्याच. सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ मुंबईकडे, तिकडून कापड आणि यंत्रसामग्री इकडे, अशी वाहतूक वाढली. हुंडेकऱ्यांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. या वाढत्या धंद्याला ड्रायव्हर हवे होते. ते तयार करणारी शाळा कोठेही नव्हती. शाळा होती ती ट्रकची केबिन. गुरुजी होता उस्ताद, आणि विद्यार्थी होता किन्नर. प्रवेश कोणाला द्यायचा हे उस्तादाच्या मर्जीवर. उस्ताद आणायचा तो आपला भाचा, आपल्या गावचा, आपल्या भावकीतला. यात जातिद्वेष असेलच असे नाही. आपला माणूस आणणे ही माणसाची सहज रीत आहे. मात्र सगळ्यांनी आपापलाच माणूस आणला, तर ज्याचा कोणीच आत नाही तो बाहेरच राहतो. व्यवस्था चालवायला दरवेळी दुष्ट माणसे लागत नाहीत.

आमच्या वस्तीत एक तात्या आहेत. आता वय झाले. पण घाटातून गाडी उतरतानाचा आवाज आला की ड्रायव्हर कोणत्या गिअरमध्ये आहे ते बसल्या जागी सांगतात. वडील वेसकर होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात आणलेल्या महार वतन विधेयकापासून चाललेली लढाई तीस वर्षांनी संपली. वतन गेले ते चांगलेच झाले. पण त्याच्या जागी हाताला दुसरे काम आले नव्हते. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा तात्या सोळा वर्षांचे होते. खडी फोडायला गेले, आणि खडी वाहणाऱ्या ट्रकच्या ओळखीने सांगलीकडच्या एका लांब पल्ल्याच्या गाडीवर किन्नर म्हणून चढले. पगार नाही. खाणे गाडीवर, वर्षाला कपड्यांचा एक जोड.

किन्नर काय शिकतो? या कामाला ‘पुसापुशी’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. आपल्याकडे गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे. तेव्हाच्या नाकवाल्या ट्रकमध्ये ड्रायव्हरला डावी बाजू जवळजवळ दिसतच नसे. डावी बाजू म्हणजे किन्नराचे राज्य. सायकल आली, बैलगाडी आली, साइडपट्टी खचली, ओव्हरटेक करताना मागचा माणूस पूर्ण सुटला की नाही, हे सारे त्याने पाहायचे आणि पत्र्यावर थाप मारून वा ओरडून सांगायचे. त्याच्या ‘येऊ द्या’वर दहा टन माल मागे सरकतो. थांबल्या ठिकाणी टॉमी घेऊन सगळ्या टायरांवर एकेक ठोका. हवा भरलेला टायर वेगळा बोलतो, बसत चाललेला वेगळा. मागच्या जोडटायरात अडकलेला दगड काढायचा, नाही तर तो टायर कापतो. ताडपत्री आणि दोर : ओढ पडेल तसतशी घट्ट होणारी आणि सोडायच्या वेळी एका हिसक्यात सुटणारी गाठ. तात्या म्हणतात, ही गाठ शिकायला त्यांना एक दिवस लागला, कारण शेजारच्या मातंगवस्तीत त्यांनी दोर वळताना लहानपणापासून पाहिले होते. उस्तादाला याचे मोठे आश्चर्य वाटले होते.

आणि घाट. खंबाटकी चढताना भरलेली गाडी माणसाच्या चालीने चालते. किन्नर लाकडी ठोकळा हाती घेऊन फुटबोर्डावर उभा. गाडी दमली, मागे यायला लागली, की उडी मारून ठोकळा मागच्या चाकाखाली सारायचा. ठोकळा नीट बसला नाही तर गाडी जाते, आणि कधीकधी ठोकळा लावणाराही जातो. उतरताना इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलवर सोडून डिझेल वाचवायचा मोह मालकाला असतो; ड्रायव्हरला तो परवडत नाही. ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, ब्रेक शेवटासाठी राखायचा, हा घाटाचा पहिला नियम. लायनर तापल्याचा वास आला की गाडी लगेच बाजूला घ्यायची. तो वास ओळखण्यासाठी नाक तयार व्हावे लागते, पुस्तकाने होत नाही. त्या काळच्या गिअरबॉक्समध्ये खालचा गिअर डबल क्लच केल्याशिवाय पडत नसे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडून नेमकी रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. चढणीला हे जमले नाही तर गाडी ना या गिअरमध्ये ना त्या. तेव्हा खंबाटकीत चढणारा आणि उतरणारा एकाच रस्त्यावर समोरासमोर येत असत. साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी बोगदा झाला तो फार नंतर.

हे सगळे दीड वर्ष तात्यांनी केले. मग उस्तादाने त्यांना अधूनमधून सीटवर बसवायला सुरुवात केली. रात्री, सुरूर सोडल्यावर साताऱ्यापर्यंत, सपाट रस्ता पाहून. हे बेकायदा होतेच. अवजड वाहनाला वयाची वीस वर्षे पुरी असावी लागत आणि तात्यांकडे शिकाऊ परवानाही नव्हता. पण लांब पल्ल्याच्या गाडीवर शिकलेल्या बहुतेकांचा पहिला धडा असाच चोरून झालेला आहे. ज्ञानाला कायद्याने वाट ठेवली नाही की ते रात्रीच्या वाटेने जाते.

उस्तादाने पहिल्याच दिवशी विचारले होते, ‘कुणाचा रं तू?’ तात्यांनी आडनाव सांगितले. साताऱ्याकडची कित्येक आडनावे गावातही असतात आणि गावकुसाबाहेरही असतात, तात्यांचे तसेच. खोटे बोलावे लागले नाही, फक्त गावातली जागा सांगितली नाही. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडू लागली. गाडी पंधरवड्यातून दोनदा शिरवळवरून जायची, चहाला थांबायची, आणि तात्या स्वतःच्या गावात खाली उतरायचे नाहीत. टायर तपासायचे ते रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने. मसूरच्या मुलांनी टोलनाक्यावर जात लपवली त्याला तेव्हा सत्तरेक वर्षे झाली होती.

एकदा कोणीतरी घरी सांगितले. आई भाकरीचे फडके घेऊन रस्त्यावर आली. चहावाल्याने ओळखले आणि सहज म्हणाला, ‘ही आमच्या बौद्धवाड्यातली म्हातारी. पोरगं हाय का काय तिचं?’ उस्तादाने ऐकले. तो काहीच बोलला नाही. शिवी नाही, गाडीवरून उतरवणे नाही. चहाचे पैसे दिले, गाडी सुरू केली. त्या रात्री सुरूर गेले, पाचवड गेले, सातारा आले. सीट मिळाली नाही. पुढच्या फेरीला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. टायर, दोर, ठोकळा, घाट, सारे पूर्ववत. आणखी आठ महिने तात्या त्या गाडीवर होते आणि त्या आठ महिन्यांत त्यांचा हात एकदाही स्टिअरिंगला लागला नाही. ते आजही म्हणतात, ‘शिवी दिली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.’

एकलव्याची उपमा आपल्या लिखाणात वापरून वापरून झिजली आहे, म्हणून ती मी येथे देत नाही. शिवाय ती लागूही पडत नाही. एकलव्याकडून अंगठा मागितला गेला, म्हणजे निदान व्यवहार तरी उघडा झाला. येथे काहीच मागितले गेले नाही. फक्त देणे थांबले. अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा पाणवठा, देऊळ, हॉटेल, दुकान येथील मज्जाव पकडू शकतो. एका माणसाने दुसऱ्याला रात्री सपाट रस्त्यावर गाडी चालवू दिली नाही, हा गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदवायचा? महामार्गावरच्या ढाब्यावर सर्व जातींचे लोक शेजारी शेजारी खाटांवर बसून एकाच तंदुरीची रोटी खातात, हे खरे आहे. ते पाहून रस्त्याने जात संपवली असे म्हणणारे पाहुणे मला भेटले आहेत. ढाबा तुम्हाला जेवण विकतो; उस्ताद तुम्हाला धंदा देतो. विकण्यात जात सोडावी लागते, देण्यात सोडावी लागत नाही.

तात्यांना पुढे शिकवले ते मिरजेच्या एका मुसलमान ड्रायव्हरने. त्यांनी जात विचारली नाही असे नाही. विचारली, ऐकली आणि म्हणाले, ‘ठीक आहे, डिझेल सांडू नको.’ परंतु याची गोड गोष्ट करण्याचे कारण नाही. त्यांनीही दोन वर्षे पगार दिला नाही आणि चुकीच्या वेळी गिअर टाकला की हातावर पाना बसत असे. शिकवले मात्र सगळे. परवान्याच्या परीक्षेला साताऱ्याला स्वतः सोबत आले. तात्या त्यांचे नाव घेताना आजही कानाला हात लावतात.

आता कायद्याकडे वळू. १९४६ साली कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली, ती बाबासाहेबांकडे श्रमखाते असताना आणलेल्या विधेयकाने. मोटारीवरच्या माणसाला स्वतःचा कायदा मिळायला १९६१ साल उजाडले. मोटर परिवहन कामगार अधिनियम हा मजकुरापुरता चांगला कायदा होता. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा आणि ५४. पंधरा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर घेण्यास बंदी. आणि विशेष म्हणजे कामगाराच्या व्याख्येत क्लीनरचे नाव होते, तेही ‘मजुरी घेऊन असो वा नसो’ अशा शब्दांच्या छायेत. म्हणजे बिनपगारी राबणारा शिकाऊ पोरगाही कामगारच, हे संसदेने १९६१ साली मान्य केले होते. ‘तू शिकतोयस ना?’ या उत्तराला कायद्याने दिलेले हे प्रत्युत्तर होते.

मग ते किन्नरापर्यंत पोहोचले का नाही? कारण कायदा लागू होता तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमाला. आपल्याकडील मालवाहतुकीचा धंदा मुख्यतः एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. एका गाडीवर एक ड्रायव्हर, एक किन्नर. दोन गाड्यांवर चार माणसे. पाचवा माणूस येतच नाही. तीन गाड्या झाल्या की तिसरी बायकोच्या नावावर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा अधिनियम नव्या श्रमसंहितांत विरघळला, आणि तेथे मोटार उपक्रमासाठी ही संख्या पाचवरून दहावर गेली आहे. पाच माणसे जेथे कधी भरली नाहीत तेथे दहा कधी भरणार?

याच्याशी माथाडी कायदा ताडून पाहावा. १९६९ सालचा हा कायदा अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधून मिळवला, आणि त्या संघटनेत सातारा जिल्ह्यातली डोंगरी माणसे मोठ्या संख्येने होती. गाडी भरणारा आणि रिकामी करणारा या कायद्याने मोजला. या दोन टोकांच्या मधला जो शेकडो मैलांचा रस्ता, तो बेहिशेबी राहिला. याला एक साधे कारण आहे : माथाडी एका जागी शंभर जमतात, किन्नर कोठेच दोन जमत नाहीत. जमले तरी रात्री, आणि सकाळी एक बेळगावकडे, दुसरा भिवंडीकडे. आपल्या चळवळीने यांच्यासाठी सभा घ्यायची ठरवली असती तर ती कोणत्या गावी घेतली असती, याचे उत्तर मलाही सुचत नाही. कदाचित शिरवळला, चहाच्या वेळी.

एस. टी. हा यातला एक मोकळा दरवाजा होता. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर ही पहिली गाडी सुटली, आणि काही वर्षांत सरकारी गाडीच्या सीटवर बसण्यासाठी जाहिरात, अर्ज, चाचणी, राखीव जागा अशी रीत आली. येथे उस्तादाची मर्जी लागत नव्हती. आपल्या वस्त्यांतील पहिल्या पिढीचे पक्के पगारदार पाहा : शिक्षक, पोस्टमन, रेल्वेतले आणि एस. टी.तले. खाकी गणवेशातला ड्रायव्हर बौद्धवाड्यात राहायला असणे याचा अर्थ आजच्या मुलांना कळणार नाही. गावचा पाटील थांब्यावर हात करून उभा आणि गाडी थांबवायची की नाही हे वेसकराच्या पोराच्या पायात! मात्र एस. टी.च्या ड्रायव्हरच्या जागेसाठी अवजड वाहन चालवल्याचा अनुभव मागत. तो आणायचा कोठून? ट्रकवरून. म्हणजे मोकळ्या दरवाजाकडे जाणारा जिना पुन्हा उस्तादाच्या अंगणातूनच होता. तात्या एस. टी.त लागले ते मिरजेच्या उस्तादामुळे. पहिल्या उस्तादाकडे राहिले असते तर टॉमी हातात घेऊन म्हातारे झाले असते.

परवान्याच्या नियमांची गंमत यापुढची. २००७ साली व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी आठवी पासची अट आली. रस्त्यावरच्या पाट्या वाचता याव्यात, हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण सातवीत शाळा सुटून गाडीवर गेलेला कोण असतो? २०१९ साली ती अट निघाली. देशात सुमारे २२ लाख चालक कमी पडतात असे त्या वेळी सांगण्यात आले. अट आली तेव्हा आपल्याला विचारले नाही, गेली तेव्हाही नाही. धंद्याला हात कमी पडले म्हणून ती गेली. शिक्षणाची अट काढणे सोपे होते. प्रशिक्षणाची सोय करणे खर्चाचे. भोसरीला १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, शिरवळहून दोन तासांच्या अंतरावर. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. या महामंडळांच्या कर्जावर गाड्या घेतलेले आपले तरुण मला माहीत आहेत. काहींनी गाडी घेतली आणि चालवायला पगारी ड्रायव्हर ठेवला. तो ड्रायव्हर डिझेल, टायर, फेऱ्या यांचा जो हिशेब देईल तो खरा मानावा लागला. हप्ते थकले, गाडी गेली. टांगा भाड्याने घेतला, हाकणारा नव्हता. चाळीसगावच्या फरशीवर तीच चूक झाली होती.

वाटेगावचे अण्णा भाऊ साठे पोरवयात बापाबरोबर पायी मुंबईला गेले. वाळवा तालुक्यातून आज निघालेला पोरगा ट्रकने जातो आणि सकाळी वाशीत असतो. रस्ता सहापदरी झाला. ढोलीच्या जागी खेड-शिवापूरला आणि आनेवाडीला टोलनाके आहेत, आणि नाकेदार जात विचारत नाही, कारण फास्टॅगमुळे तो काहीच विचारत नाही. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले. अपघात करून पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे नवे कलम आले म्हणून जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी चाके थांबवली, आणि ते कलम अंमलात आणणे सरकारला लांबणीवर टाकावे लागले. त्या दोन दिवसांत शिरवळच्या रस्त्यावरून चालताना मला प्रथमच जाणवले की उभ्या असलेल्या गाड्यांत डाव्या सीटवर माणसेच नव्हती. खर्च परवडत नाही म्हणून मालकांनी किन्नर ठेवणे सोडत आणले आहे. डाव्या सीटवर पाण्याचा कॅन, पांघरूण, मोबाइलचा चार्जर. ती शाळा वाईट होती, बिनपगारी होती, पक्षपाती होती, पण होती. ती बंद होत आहे आणि तिच्या जागी दुसरी उघडलेली नाही.

गेल्या दिवाळीत वस्तीतला एक मुलगा तात्यांकडे आला. बारावी झालेला. औद्योगिक वसाहतीत छोटा टेंपो चालवतो. हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर असल्याशिवाय अवजडचा शिकाऊ परवाना मिळत नाही, म्हणून ते वर्ष त्याने पुरे केले. वयाचीही वीस झाली. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने पैसे घेऊन मैदानात जुन्या ट्रकच्या चार फेऱ्या मारून घेतल्या. ‘तात्या, परवाना येईल हो. पण भरलेली गाडी घेऊन खंबाटकी कोण उतरवून दाखवणार?’ तात्या बराच वेळ बसून राहिले. मग घरातून जुनी वही आणली, चष्मा लावला आणि मिरजेला फोन लावला. उस्ताद वारले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांच्या मुलाच्या दोन गाड्या आहेत. तात्यांनी स्वतःची ओळख सांगितली, वडिलांच्या आठवणी काढल्या, आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, ‘आमचा एक पोरगा हाय. सोबत घ्याल का?’